तेराव्याची पंगत

देवास
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय बकुळे,

झालं बाई एकदाचं. शनिवारी ह्यांचं तेरावं पार पडलं आणि मी रीतसर विधवा झाले. बारा वर्षं मी ना धड सवाष्ण, ना धड विधवा. हळदीकुंकवाला मला बोलवावं की नाही ह्या विचाराने गल्लीतल्या बायकांच्या जिवाला घोर. आता त्या सुटल्या. मीही सुटले असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझ्या मोबाइलमध्ये राजवीर डोकावत असतो, म्हणून हे पत्र. हाताने लिहिलेलं मराठी त्याला भराभर वाचता येत नाही. लेकाला हिंदी शाळेत घातल्याचा एवढा एक फायदा.

हे सगळं आताच का काढलं, असं तू विचारशील. फेब्रुवारीत राजवीरचं लग्न आहे, मुलगी ग्वाल्हेरची, ईशानी नाव. लग्नाआधी नांदीश्राद्ध करायचं म्हणजे पितरांना बोलवायचं, आणि तिथे गुरुजी अडले. नवऱ्यामुलाचे वडील पितरांत धरायचे की जिवंतांत? पुराच्या ड्यूटीवर गेलेले हे कुक्षी गावापलीकडे नर्मदेत बुडाले असं सगळे म्हणतात. नाव उलटली, तिघांची प्रेतं मिळाली, ह्यांचं मिळालं नाही. तेव्हा आठ दिवस माझ्याबरोबर काठावर कोण बसलं होतं ते तुला सांगायला नको. आईसाहेब म्हणाल्या, बारा वर्षं वाट पाहिली, शास्त्र एवढीच सांगतं, आता माझ्या लेकाला मोकळं करा. पंच्याऐंशी वर्षांच्या सासूपुढे मी काय बोलणार?

मग क्षिप्रेकाठी पळसाच्या देठांचा माणूस केला. तीनशे साठ देठ, डोक्याच्या जागी नारळ, वर ह्यांचं धोतर. आईसाहेबांनी त्याला कुरवाळलं आणि असा हंबरडा फोडला की गुरुजींचेही डोळे भरले. मी मात्र कोरडी. मला एवढंच दिसत होतं की तो माणूस ह्यांच्यापेक्षा हातभर बुटका आहे. मी गुरुजींना तसं म्हटलं, तर राजवीर म्हणाला, "आई, रहने दे ना." त्याने अग्नी दिला. देठ ओले होते, धूरच फार झाला.

तेराव्याला दोनशे पान उठलं. विधवेने वाढू नये म्हणतात, पण बाहेरच्या पंगतीत, साधू-बैरागी आणि येणारेजाणारे बसतात तिथे, कोण बघतं? तिथे मीच वाढलं. बसून राहिले असते तर वेडी झाले असते.

तू नाही आलीस. रागावले नाही, पण वाट पाहिली.

तुझी,
विनीता


धार
९ डिसेंबर २०२५

प्रिय विनीता,

पत्र मिळालं. आले नाही, चुकलं. पाय दुखत होते असं लिहिणार होते, पण तुला थाप कळते.

माझं बरं चाललंय. चर्चच्या लोकांबरोबर दर मंगळवारी बाग नावाच्या गावी दवाखान्याच्या शिबिराला जाते. कापड छापणारे आणि धुणारे येतात. दिवसभर नदीत उभं राहून त्यांच्या पायांची सालं निघतात, आणि भट्टीच्या धुराने छाती बिघडते. माझे कान गेले तरी हात अजून चालतात, आणि कोण काय म्हणतं ते मी ओठांवरून वाचते. निवृत्त नर्स म्हणजे जुनी बादली, गळते पण फेकवत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. का, ते विचारू नकोस.

एक म्हणजे, असे विधी झालेला माणूस जिवंत परत आला तर तुमच्यात काय करतात? काही सोय आहे का?

दुसरं, तेराव्याला बाहेरच्या पंगतीत अनोळखी कोणी होतं का?

राजवीरला आशीर्वाद. आईसाहेबांना नमस्कार सांग. त्यांना माझा चालत असेल तर.

तुझी,
बकुळा


देवास
२ जानेवारी २०२६

प्रिय बकुळे,

नव्या वर्षाचे आशीर्वाद म्हाताऱ्या मैत्रिणीला काय द्यायचे? कान सांभाळ म्हणण्यात अर्थ नाही, डोळे सांभाळ.

तुझे प्रश्न वाचून आधी हसले. शिबिरातल्या कुणाची अशी अडचण झाली असेल, आणि तू नेहमीप्रमाणे दुसऱ्याचं लोढणं गळ्यात बांधून घेतलं असशील. गुरुजी लग्नाची यादी करायला आले होते, त्यांना विचारलं. सोय आहे म्हणाले. असा माणूस परतला की त्याला नव्याने जन्माला घालायचं. तुपाच्या घागरीने न्हाऊ घालायचं, मग आईने तान्ह्या बाळासारखं पदरात घ्यायचं. आईनेच. ती नसेल तर दुसरी कोणी, पण ती असून तिने घेतलं नाही तर त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. पुढे बारसं, मुंज, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. मी म्हटलं, चला, म्हणजे साठीत बोहल्यावर चढायची सोय आहे. गुरुजी हसले.

आईसाहेब हसल्या नाहीत. त्या आत जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, जाळलेला उंबऱ्यापाशी आला तर तो आपला नसतो, त्याचं रूप घेऊन दुसरंच काही येतं, आणि आता घरात नवी सून यायची आहे. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. बकुळे, असले प्रश्न पुन्हा माझ्या घरी पाठवू नकोस.

आता दुसरं. बाहेरच्या पंगतीत तीस-चाळीस तरी होते, सगळेच अनोळखी. पण एक लक्षात राहिला. टोकाला, दाढीवाला, हडकुळा, अंगावर मळकी शाल. मान वर केली नाही त्याने. मी त्याला दोनदा लाडू वाढला, दोन्ही वेळा नको म्हणाला नाही आणि हवा म्हणाला नाही. जेवण झाल्यावर आपली पत्रावळ आपणच उचलून घेऊन गेला. तेराव्याला जेवणाऱ्याने पत्रावळ उचलायची नसते हे भिकाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून मी बघत राहिले. तुझा रोगी होता का तो? तर त्याला सांग, लाडू घरच्या तुपातले होते.

लग्नाला ये. वीस फेब्रुवारी. ह्या वेळी थाप चालणार नाही.

तुझी,
विनीता


धार
६ एप्रिल २०२६

विनीता,

हे पत्र एकटी असताना वाच. दार लावून घे.

उदाजीराव जिवंत आहेत. बागमध्ये आहेत.

आधी हे एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आता पुढचं लिहिते. दोन डिसेंबरला शिबिरात एक खोकणारा माणूस आला. नाव सांगितलं नर्मदाप्रसाद. छाती तपासताना माझ्या तोंडून मराठीत निघालं, "श्वास घ्या." त्याचे ओठ हलले, "घेतोय, सिस्टर." बागमध्ये मराठी बोलणारं कोण आहे? मी त्याचा चेहरा वर करून पाहिला. तुझ्या लग्नात ज्याच्या हातात मी पेढा ठेवला होता, तो माणूस मी दाढीआड ओळखणार नाही का?

त्या दिवशी पुरात शेवटची खेप त्यांनी सोडायला लावली. नावाडी नको म्हणत होता, पाणी चढत होतं. उदाजीरावांनी सरकारी आवाज चढवला. नाव उलटली. ते एका झाडाला लागले आणि वाचले, आणि काठावर ती तीन प्रेतं पाहिली. त्यात नावाडी होता. ते म्हणाले, त्याच्या बायकोला तोंड दाखवण्यापेक्षा बुडालेलं बरं वाटलं, म्हणून चालायला लागलो. पहिलं वर्ष लाजेने गेलं, मग लाजेची सवय झाली. बारा वर्षं बागला खत्रीभाईंच्या छापखान्यात छापलेलं कापड धुतात.

गेल्या नोव्हेंबरात धीर करून ते देवासला आले, विनीता. दारात मांडव दिसला. त्यांना वाटलं, मुलाचं लग्न असेल. आत हार घातलेला स्वतःचा फोटो पाहिला. ते मला म्हणाले, "सिस्टर, माझं तेरावं मी स्वतः जेवून आलो." तुझ्या पत्रातली ती पत्रावळ त्यांचीच.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवायला लावून शपथ घातली, तुला सांगायचं नाही. राजवीरचं लग्न तोंडावर होतं. मी गप्प बसले. तुझ्या लग्नघरात आले, जेवले, तुझ्याशी हसले आणि गप्प बसले.

काल आमचा पुनरुत्थानाचा सण होता. लहानपणी मिशनच्या शाळेत तू माझ्याबरोबर ही गोष्ट ऐकली आहेस. बायका पहाटे कबरीवर जातात, कबर रिकामी असते, आणि त्या घाबरून पळतात. पाद्रीबाबा काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण ते काय बोलणार मला पाठ आहे. एका ठिकाणी असंही सांगतात, की त्या इतक्या भ्याल्या की कोणालाच काही बोलल्या नाहीत. इतकी वर्षं मला त्या बायकांचा राग यायचा. काल बाकावर बसल्या बसल्या कळलं की चार महिने मी तेच करतेय. शपथ मोडली. देवाला जे करायचं ते करू दे.

दोन्ही फुफ्फुसांत क्षय आहे. औषधं देते, पण फार उशिरा सुरू झाली.

बकुळा


देवास
१२ एप्रिल २०२६

बकुळे,

तुझं तोंड पाहू नये असं वाटतं आणि तुझे पाय धरावेत असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी. चार महिने! माझ्या हातचं जेवून तू माझ्याशी चार महिने खोटं वागलीस. पण खोटं लिहिणारी तू नाहीस, म्हणून मी विश्वास ठेवला. पुरावा मागितला नाही, फोटो मागितला नाही. पत्र वाचून झालं आणि मी जमिनीवर बसले. तोंडावर हसू होतं, ते मला आवरेना. ईशानी आत आली, तिला वाटलं मला झटका आला.

मी त्यांना वाढलं, बकुळे. दोनदा. चेहरा बघायचं मला सुचलं नाही. बारा वर्षं रस्त्याने जाणारा प्रत्येक पाठमोरा माणूस मी न्याहाळला आणि समोर बसलेल्याच्या पानाकडे बघत राहिले.

संध्याकाळी सगळ्यांना बसवून सांगितलं. राजवीर म्हणाला, बकुळामावशींचं वय झालंय, ऐकू येत नाही, कोणी तरी बनवलं असेल त्यांना. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, बघ. तर उठून उभा राहिला. "मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा ते गेले, आई. परवा मी त्यांना जाळलं, डोकं भादरलं, रडलो. अब मुझसे नहीं होगा." तेवढं बोलून बाहेर गेला. मुलगा वाईट नाही माझा. त्याने खरंच जाळलं होतं, मी नुसती धूर बघत उभी होते.

आईसाहेबांनी दाराला लिंबू-मिरच्या बांधायला लावल्या. ईशानीला तिन्हीसांजेला बाहेर जाऊ देत नाहीत.

तुमच्या गोष्टीतल्या त्या बायकांनी शेवटी सांगितलंच असेल ना कोणाला तरी? मग घरच्यांनी काय केलं, ते लिही.

मी लगेच निघाले असते. पण मला त्यांना नुसतं भेटायचं नाही, घरी आणायचं आहे, आणि त्यासाठी आईसाहेबांचा पदर लागतो. गुरुजी तयार आहेत. तूप मी आणून ठेवलंय. रोज सकाळी त्यांची पूजा झाली की त्यांच्यापुढे जाऊन बसते आणि मागते. आज तिसरा दिवस. रोज तोंड फिरवतात, पण आज थोडं उशिरा फिरवलं. आठ-दहा दिवसांत वळतील. तोवर तू ह्यांना जप. मी येते आहे एवढं सांग, आणि एकटी येणार नाही, न्यायला येणार आहे, असंही सांग.

विनीता


धार
१८ एप्रिल २०२६

प्रिय विनीता,

घरच्यांनी काय केलं? बायकांची बडबड म्हणून हसण्यावारी नेलं. तुमच्यासारखंच.

पदराची वाट पाहू नकोस. मी चाळीस वर्षं वॉर्डात काढली, आठ-दहा दिवस म्हणजे काय ते मला कळतं. वजन अडतीस किलो भरलं. औषध लागू पडत नाही. खत्रीभाईंनी त्यांना कामावरून उठवून घराच्या ओसरीवर खाट दिली आहे. त्यांच्या घरच्या बायका पातळ डाळ करून देतात.

तू येतेस म्हणून सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, आई काय म्हणते? मी खोटं बोलले. म्हटलं, वाट पाहते आहे. माझ्या गळ्यातल्या क्रुसाने माझं बरंच सहन केलंय, हेही करील.

तेव्हापासून रोज दाढी करायची म्हणतात. हात चालत नाहीत, म्हणून राहते.

इंदूर, धार, मग बागची बस. धारला माझ्याकडे उतरू नकोस, वेळ जाईल. उन्हामुळे पुढचे दोन महिने शिबिर बंद आहे, त्यामुळे मी तिथे नसेन. बसस्टँडवर खत्रीभाईंचा छापखाना कोणालाही विचार. आशा घेऊन जाऊ नकोस. नुसती जा.

तुझी,
बकुळा


बाग
४ मे २०२६

प्रिय बकुळे,

तुझं ऐकलं नाही. तुझं पत्र आल्यावरही नऊ दिवस थांबले. वाटलं, आज वळतील, उद्या वळतील. शेवटी आईसाहेबांनी माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "सूनबाई, मला भीती वाटते." त्यानंतर मला मागणं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले.

बागच्या बसस्टँडवर टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि तिथेच दुकानातल्या आरशात बघून एक लावली. देवासात हिंमत झाली नसती.

ओसरीवर खाट होती. खाटेवर काही आहे हे आधी कळलंच नाही, इतके सपाट झाले आहेत. मी जवळ जाऊन उभी राहिले. डोळे उघडून पाहिलं. ओळख लगेच पटली. म्हणाले, "त्या दिवशी तू दोनदा वाढायला आलीस. मी ठरवलं होतं, तिसऱ्यांदा आली तर सांगायचं."

तिसऱ्यांदा मी गेले नाही, बकुळे. आत गुरुजींना दक्षिणा द्यायची होती म्हणून कोणी तरी हाक मारली.

भांडणार होते मी त्यांच्याशी. बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं, बारा वर्षांचं. एक शब्द आठवला नाही. ताट-वाटी धुऊन आणली, डाळभात कालवला आणि भरवायला बसले. चार घास गेले. आता इथेच आहे. खत्रीभाईंच्या भावजयीने आतली खोली दिली, भाड्याचं नाव काढू देत नाही. दुपारी छापलेलं कापड नदीच्या वाळूवर वाळत पडतं, ते दिसावं म्हणून खाट वळवून दिली. कुठलं कापड नीट धुतलंय आणि कुठलं नाही ते पडल्यापडल्या सांगतात. ह्या माणसाला मी ओळखत नाही. माझा नवरा रुमालही धूत नव्हता.

आई कधी येते, असं रोज विचारतात. तुझी थाप मी पुढे चालवते आहे. प्रवास झेपत नाही, उन्हं उतरली की येतील, असं म्हणते. त्यांना पटतं की पटल्यासारखं करतात, कळत नाही.

काल हाताला हात लागला तर त्यांनी माझा धरून ठेवला. मला आनंद झाला. आनंद झाला ह्याची इतकी भीती वाटली की हात सोडवून मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

विनीता


देवास
२ जून २०२६

प्रिय बकुळे,

एकोणीस मेला सकाळी गेले. तुला खत्रीभाईंनी निरोप पोचवला हे कळलं; तू त्या उन्हात नदीवर आलीस.

राजवीर आला होता ते तू पाहिलंस. गाडीपाशीच उभा राहिला. गुरुजींना त्याने फोन केला होता. ते म्हणाले, एका माणसाला मंत्राग्नी दोनदा देता येत नाही. तो मला म्हणाला, "आई, मी एकदा दिला." म्हणून मी दिला. लाकडं खत्रीभाईंनी घातली होती, सुकी होती, लगेच पेटली. परतताना गाडी चालवत राजवीर मानपूरपर्यंत रडत होता. मी थांब म्हटलं नाही. त्याचं हे रडणं पहिलंच होतं. नोव्हेंबरातलं दुसऱ्याच कुणासाठी होतं.

आमच्या घरात ह्या मरणाचं सुतक नाही. एकदा धरलं, संपलं. आम्ही पोचलो त्या दिवशी ईशानीच्या माहेरचे आले होते, घरात पुऱ्या तळल्या जात होत्या. मी एकटी वेगळी बसले. कोणी बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही.

तुला लिहायचं आहे ते आईसाहेबांचं.

पहिल्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसल्या, ह्या वयात, आणि विचारलं, दाढी होती का. मी होती म्हटलं. मग रोज विचारायला लागल्या. काय जेवायचा? कुठल्या कुशीवर निजायचा? माझं नाव काढलं का? मी सगळं खरं सांगितलं. रोज नाव काढायचे, हेही. का लपवू? त्या न रडता ऐकत होत्या. आठवडाभर असं चाललं. मग एका सकाळी न्हाऊन, नवं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तो परत येईल. ह्या खेपेला मी पदरात घेईन."

मी त्यांना समजावलं. म्हटलं, आईसाहेब, ह्या वेळी देठ नव्हते. मी स्वतः अग्नी दिला, माझ्या डोळ्यांदेखत राख झाली, ती मी नर्मदेत सोडली. त्या म्हणाल्या, "गेल्या खेपेलाही तुम्ही सगळ्यांनी मला हेच सांगितलं होतं. राख दाखवली होती. आणि तो जिवंत होता."

त्यांची भीती पार गेली आहे. लिंबू-मिरच्या त्यांनीच काढून टाकल्या. तुपाचा डबा त्यांच्या खाटेखाली आहे. गुरुजी म्हणतात वय झालं, डॉक्टर म्हणतात वय झालं, राजवीर म्हणतो आजीसाहेबांच्या नादी लागू नकोस. लेक खरोखर आला होता तेव्हा दार लावून बसल्या, आणि आता कोणीच येणार नाही तेव्हा सगळं घर झाडून तयार. मला त्यांचा संताप येतो. आणि बकुळे, कधी कधी हेवा वाटतो.

तुमच्यात मेलेला परत उठतो हे खरं मानतात, तू चाळीस वर्षं प्रेतं धुऊन झाकलीस आणि तरी मानतेस. कसं, ते मला कधी तरी लिही. उपदेश नको. तुझ्या हाताने, तुझ्या भाषेत लिही.

दिवेलागणीला मी पुढचं दार लावते. कुत्री आत येतात म्हणून लावावंच लागतं. त्या भिंत धरत धरत येतात आणि उघडतात. दहा पावलांत त्यांना धाप लागते. मी पुन्हा लावलं की पुन्हा येतात. काल चारदा उठल्या.

आज मी लावलं नाही. पाट आणून उंबऱ्यापाशी बसले आहे आणि कुत्री हाकलते आहे.

तुझी,
विनीता